अठराशे रुपये कुणाचे?

माझी धाकटी बहीण नर्स आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिला सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात काम लागले. ठरलेली रक्कम महिना अठरा हजार. पहिल्या महिन्याचा बँकेचा मेसेज आला तो १६,२०० रुपयांचा. ती नाराज झाली नाही, उलट खूश झाली. घरी येऊन अम्मीला म्हणाली, "अठराशे कापलेत. म्हणजे माझा पीएफ सुरू झाला." अम्मीने लगेच नानीला फोन लावला.

नानीला पीएफ म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. तिने उभा जन्म घरी बसून विड्या वळल्या. रोज वळलेल्या विड्या मोजून कारखान्यात द्यायच्या, त्यातल्या छाटलेल्या निमूट सोडून द्यायच्या आणि उरलेल्यांची मजुरी घ्यायची. शिक्षण म्हणावे तर सही करण्यापुरते. पण तिच्याकडे पीएफचा नंबर होता आणि आज महिन्याला हजार रुपयांची का होईना, तिच्या स्वतःच्या नावाची पेन्शन येते. म्हणून नातीला तिचा पहिला प्रश्न होता, "नंबर मिळाला का?"

नंबर काही मिळाला नाही. वर्ष सरल्यावर बहिणीने रुग्णालयाच्या ऑफिसात विचारले, तेव्हा तिच्या हातात एक कागद आला. नोकरदाराला मिळतो तो फॉर्म १६ नव्हता, १६ए होता. त्यावर लिहिले होते, व्यावसायिक शुल्क. कापलेले अठराशे रुपये पीएफ नव्हतेच. तो दहा टक्के टीडीएस होता. पीएफसाठीचा पगार पंधरा हजार धरला तर त्याचे बारा टक्केही अठराशेच होतात, आणि अठरा हजारांचे दहा टक्केही अठराशेच. या योगायोगाने एका शिकलेल्या मुलीला वर्षभर चकवले.

त्या रात्री तिने मोबाइलवर प्राप्तिकर खात्याचे कॅल्क्युलेटर उघडले. वर्षाचे २,१६,००० रुपये टाकले. उत्तर आले, कर शून्य. तिने मला विचारले, "भाई, कर शून्य आहे ना? मग माझे २१,६०० रुपये कुणाकडे आहेत?"

यंदाचे संपादकीय या प्रश्नावर लिहावे असे मला वाटले. कारण ही एका घराची गोष्ट नाही. आपल्या मोहल्ल्यांत गेल्या काही वर्षांत नर्स, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, दंतवैद्य, युनानी आणि होमिओपॅथी डॉक्टर अशी मुलेमुली मोठ्या संख्येने तयार झाली. सोलापूर हे दवाखान्यांचे गाव आहे. धाराशिव, लातूरपासून कलबुर्गी, विजयपूरपर्यंतचे रुग्ण इथे येतात, त्यामुळे काम मिळते. पण ते कागदावर नोकरी म्हणून मिळते की 'प्रोफेशनल' म्हणून, हे अनेकांना रुजू होताना कळतच नाही.

आधी बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर. तिचे २१,६०० रुपये तिच्या पॅन क्रमांकावर सरकारजमा आहेत. नव्या करप्रणालीत चार लाखांपर्यंत करच नाही, म्हणजे ही सगळी रक्कम तिची आहे. पण ती आपोआप परत येत नाही. त्यासाठी रिटर्न भरावे लागते, त्यात कापलेली रक्कम दाखवावी लागते, बँक खाते पोर्टलवर पडताळून घ्यावे लागते. रिटर्न भरले नाही तर रिफंड नाही. "आपल्याला कुठे टॅक्स बसतो, मग रिटर्न कशाला?" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. ते म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा आपला फॉर्म २६एएस उघडून पाहावा. आपल्या नावावर कुणी किती कापून भरले ते त्यात दिसते.

आता कॅल्क्युलेटरकडे येऊ. खात्याच्या साध्या कॅल्क्युलेटरमध्ये वर्ष, वय, रहिवासी आहात का, एकूण वार्षिक उत्पन्न आणि एकूण वजावट एवढे विचारतात. गणितात चूक नाही. पण "तुमचे आधीच किती कापले गेले?" हा प्रश्न तिथे नाही. सविस्तर कॅल्क्युलेटरमध्ये रकाने भरपूर आहेत, पण त्यांची नावे कायद्याच्या पुस्तकातली. ज्याला ती कळतात त्याला कॅल्क्युलेटरची फारशी गरज नसते आणि ज्याला गरज असते त्याला ती कळत नाहीत.

दुसरे उदाहरण घेऊ. एका तरुण दंतवैद्य बाईंचा छोटा दवाखाना आहे. समजा वर्षात रुग्णांकडून अठरा लाख रुपये आले. त्या कॅल्क्युलेटरमध्ये 'एकूण वार्षिक उत्पन्न' या रकान्यात अठरा लाख लिहितात. दुसरे काय लिहिणार? उत्तर येते १,६६,४०० रुपये कर. त्या हबकतात. काही जण इथेच ठरवतात की यापुढे पावतीच द्यायची नाही.

प्रत्यक्षात कायदा वेगळे सांगतो. प्राप्तिकर कायद्यात २०१६ साली ४४एडीए हे कलम आले. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्याची वर्षाची एकूण जमा पन्नास लाखांपर्यंत असेल तर त्यातली निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. रोखीचा भाग पाच टक्क्यांहून जास्त नसेल तर ही मर्यादा पंचाहत्तर लाख आहे. उरलेली निम्मी रक्कम भाडे, साहित्य, मदतनिसाचा पगार वगैरे खर्च म्हणून सोडलेली असते. त्यासाठी वह्या ठेवाव्या लागत नाहीत. म्हणजे या बाईंचे उत्पन्न नऊ लाख. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत सूट असल्याने कर शून्य. रिटर्न मात्र भरलेच पाहिजे. एका रकान्यात जमा लिहायची की उत्पन्न, एवढ्या फरकाने १,६६,४०० चे शून्य होते. ज्या साधनात हा फरक विचारला जात नाही, ते साधन सोपे म्हणता येणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. दंतवैद्याची खुर्ची, एक्स-रे यंत्र, कर्जाचे व्याज हे सगळे धरून खर्च निम्म्याहून जास्त होत असेल, तर खरा नफा कमी दाखवता येतो. पण मग हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. हे वळण कुठे येते ते कॅल्क्युलेटरने दाखवायला हवे. "तुमचा खर्च निम्म्याहून जास्त आहे का?" एवढा एक प्रश्न पुरेसा आहे.

या वह्यांची एक गंमत सांगतो. वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यांनी रोजच्या रुग्णांची नोंद ठेवायची, यासाठी जुन्या प्राप्तिकर नियमांत फॉर्म ३सी नावाचा नमुना दिला होता. त्यात फिजिशियन, सर्जन, दंतवैद्य यांच्याबरोबर 'वैद' आणि 'हकीम' हे शब्द आहेत. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना हकीम दिसला होता. आज कॅल्क्युलेटर तयार करणाऱ्याला फिजिओथेरपिस्ट आणि नर्स दिसू नयेत, हे पटत नाही.

गुंतागुंत इथे संपत नाही. प्राप्तिकर केंद्राचा, पण महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर आहे. डॉक्टर आणि दंतवैद्यांना वर्षाला २,५०० रुपये. तो राज्याच्या जीएसटी पोर्टलवर भरायचा. केंद्राच्या कॅल्क्युलेटरमध्ये त्याचा उल्लेख नसतो, आणि चार वर्षांनी नोटीस आली की दंड-व्याजासह तो कळतो. उपचाराच्या सेवेवर जीएसटी नाही. मान्यताप्राप्त पद्धतीत युनानीही आली, म्हणून हकिमाच्या तपासणी फीवरही नाही. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला मात्र ही सूट नाही. आगाऊ कराचे हप्ते इतरांना चार, पण ४४एडीए घेणाऱ्याला १५ मार्चपर्यंत एकच. जुनी करप्रणाली घ्यायची की नवी, हा निर्णय नोकरदार दरवर्षी बदलू शकतो. व्यावसायिक एकदा नवी सोडून जुनीत गेला की परत नवीत येण्याची संधी त्याला एकदाच मिळते. "दोन्हींत कर किती" असा तक्ता दाखवणारे कॅल्क्युलेटर हा इशारा ठळक देत नसेल, तर तरुण माणूस एका वर्षाचे दोन हजार वाचवायला पुढची दहा वर्षे अडकवून घेतो.

त्यात १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले. २०२५-२६ या वर्षाचे रिटर्न जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचे आहे, पुढच्या वर्षापासून नवे आकडे पाठ करायचे. सीए मंडळींनाही सवय व्हायला वेळ लागेल. कायदा नव्याने लिहिताना सोपी भाषा हे उद्दिष्ट सांगितले गेले. तीच कसोटी कॅल्क्युलेटरलाही लावायला हवी.

इथपर्यंत गोष्ट कराची झाली. मला जास्त चिंता दुसऱ्या शून्याची आहे.

बहिणीचा कर शून्य आला, तेव्हा स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत एक ओळ आणखी यायला हवी होती, "तुमचे निवृत्तिवेतनही शून्य आहे." ती पगारी नोकर म्हणून कागदावर असती तर काय झाले असते, त्याचा हिशेब करू. पीएफचा पगार पंधरा हजार धरला तर रुग्णालयाचा वाटा महिना १,८००. ईएसआयमध्ये रुग्णालयाचा वाटा सव्वातीन टक्के, म्हणजे अठरा हजारांवर ५८५. दोन्ही मिळून महिन्याला २,३८५ आणि वर्षाला २८,६२० रुपये. तिच्या पगारातूनही पीएफचे १,८०० आणि ईएसआयचे १३५ गेले असते, पण पीएफची रक्कम तिच्याच नावावर साठली असती. शिवाय आजारपणात उपचार, बाळंतपणात सव्वीस आठवड्यांची पगारी रजा. 'प्रोफेशनल' या एका शब्दाने हे सगळे गेले. काम मात्र तेच राहिले. हजेरी आहे, तीन पाळ्या आहेत, रजेसाठी अर्ज आहे, उशीर झाला तर कापाकापी आहे. व्यावसायिकाच्या स्वातंत्र्यातले काही नाही, आणि नोकराच्या हक्कातलेही काही नाही.

इथे मला नानी आठवते. विडी कामगारांना पीएफ लागू झाला १९७७ साली. कारखानदारांचे म्हणणे होते की घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया आमच्या कामगारच नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८५ मध्ये न्यायालयाने सांगितले की घरी काम करणाऱ्या याही कामगारच आहेत. त्यामागे संघटना होत्या, मोर्चे होते. पुढे कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहतही याच गावाने उभी राहिलेली पाहिली. घरी बसून काम करणारी, सहीपुरती शिकलेली बाई कामगार ठरली. आणि रुग्णालयात जाऊन बारा तास उभी राहणारी तिची पदवीधर नात 'व्यावसायिक' ठरली. दोन पिढ्यांत आपण शिक्षणाने पुढे गेलो आणि सुरक्षेत मागे आलो.

कायद्याने थोडे नवे दार उघडले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अॅपवरून काम देणाऱ्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम गिग कामगारांसाठी द्यावी, अशी तरतूद त्यात आहे आणि या कंपन्यांच्या यादीत आरोग्यसेवाही आहे. म्हणजे अॅपवरून घरोघर जाणाऱ्या नर्सचा विचार झाला. रुग्णालयाने थेट फोन करून बोलावलेल्या नर्ससाठी असा वाटा कुणी द्यायचा, ते ठरलेले नाही.

ज्याला स्वतःच्या हिमतीवर साठवायचे आहे, त्याच्यासाठी एनपीएस २००९ पासून सर्वांना खुली आहे. पण नव्या करप्रणालीत नोकरदाराच्या वतीने मालकाने एनपीएसमध्ये भरलेल्या रकमेवर चौदा टक्क्यांपर्यंत सूट आहे, पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावटही आहे. स्वतः कमावून स्वतः भरणाऱ्याला यातले काहीच नाही. अटल पेन्शन योजनेत ऑक्टोबर २०२२ पासून करदात्याला नवे खाते उघडता येत नाही. श्रमयोगी मानधन योजना महिना पंधरा हजारांपर्यंत कमावणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे माझी बहीण तीन हजारांनी तिच्या बाहेर. मधल्या पट्टीतली ही मुले प्रत्येक योजनेच्या फटीत पडतात. प्रत्येक योजनेची माहिती वेगळ्या संकेतस्थळावर असल्याने ही फट कुणाला दिसतही नाही.

सोपे साधन तयार करता येते, याची उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये सामाजिक वर्गणी गोळा करणारी उर्साफ ही संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर डॉक्टर, दंतवैद्य, सुईण, नर्स यांनी आपला व्यवसाय निवडायचा आणि कमाई टाकायची. वर्गणी किती, कर किती, हातात किती उरेल, हे एकाच पानावर येते. त्याचा कोडही खुला ठेवलेला आहे. ब्रिटनच्या कर खात्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये स्वयंरोजगार करणाऱ्याने आठवड्याचा किंवा महिन्याचा नफा लिहिला की कर आणि राष्ट्रीय विमा यांसाठी किती बाजूला ठेवावे ते कळते. तिथे वर्गणी सक्तीची आणि जड आहे, आपल्याकडे तशी नाही, हा फरक मान्य. पण माणसाला त्याच्या कामाच्या नावाने विचारणे आणि कर व म्हातारपण एकत्र दाखवणे, हे दोन धडे घेण्यासारखे आहेत.

इतके लांबही जायला नको. रमजानमध्ये आपल्यातले कितीतरी जण मोबाइलवर जकातचा हिशेब करतात. सोने किती, चांदी किती, रोकड किती, येणे किती, देणे किती. प्रश्न घरातल्या भाषेत असतात, म्हणून माझी अम्मीही तो हिशेब एकटी करते. करांचा कायदा त्याहून किचकट आहे हे खरे. तरी प्रश्न विचारण्याची ही रीत उचलायला कुणाची हरकत नसावी.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट मांडतो. कॅल्क्युलेटरचा पहिला प्रश्न "तुम्ही काय काम करता?" हा असावा, आणि यादीत नर्स, फिजिओथेरपिस्ट, टेक्निशियन, हकीम ही नावे असावीत. त्यांपैकी कुणाला निम्म्या जमेची सवलत लागू आहे ते खात्याने तिथेच लिहावे. दुसरा प्रश्न "वर्षात किती पैसे आले, त्यात रोख किती?" हा असावा. उत्पन्न त्याने स्वतः काढावे. तिसरा प्रश्न "किती कापले गेले?" आणि उत्तरात परत मिळणारी रक्कम वेगळ्या ओळीत. राज्याचा व्यवसाय कर त्याच पानावर. शेवटी पीएफ, ईएसआय आहे का, नसेल तर दरमहा किती ठेवले तर साठाव्या वर्षी किती मिळेल, आणि कोणत्या योजनेत तुम्ही बसता. हे सगळे मराठीत, मोबाइलवर, लॉगिन न करता.

काही मित्र म्हणतील, हे सीएचे काम आहे. सीएचे काम आहेच, आणि दवाखाना चालवणाऱ्याने त्यांची फी आनंदाने द्यावी. पण कोणता प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जायचे, एवढे तरी माणसाला कळले पाहिजे. माझ्या बहिणीला वर्षभर आपण प्रश्न विचारायला हवा हेच माहीत नव्हते.

दुसरी शंका जरा दबक्या आवाजात येते. रिटर्न भरले की आपण नजरेत येतो. मित्रांनो, टीडीएस कापला गेला त्या दिवशी तुमचे नाव आणि रक्कम नोंदली गेली. लपवण्यासारखे काही उरले नाही, मागण्यासारखे मात्र बरेच आहे. घराचे कर्ज, परदेशी शिक्षण, व्हिसा, या सगळ्यांत तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. ज्याने कागद ठेवले नाहीत त्याला नंतर कुणाच्या तरी ओळखीचे दार ठोठवावे लागते.

सरकार कॅल्क्युलेटर सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर एक कागद पुरतो. त्यावर पाच ओळी लिहा. वर्षात किती आले. त्यात रोख किती. कुणी किती कापले. माझ्या नेमणुकीच्या पत्रावर 'पगार' लिहिले आहे की 'शुल्क'. आणि पीएफचा नंबर आहे की नाही. वाणिज्य शाखेची आपल्यातली मुले रविवारी मोहल्ल्यात दोन तास बसली तर वीसजणांचे हे कागद तयार होतील. मुदत हुकली असेल तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. आणि एकाच रुग्णालयातल्या पाचजणींच्या चौथ्या ओळीवर 'शुल्क' निघाले, तर त्या पाचजणींनी एकत्र जाऊन विचारावे. एकटीला उत्तर मिळत नाही, हे नानीच्या पिढीने आपल्याला शिकवले आहे.

बहिणीचे रिटर्न आम्ही भरले. २१,६०० रुपये खात्यावर येतील. रुग्णालयाकडे तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी लेखी विचारणा केली आहे की आम्ही तुमच्या कोण आहोत. उत्तर अजून आलेले नाही. नानी दर शुक्रवारी फोन करते आणि तोच प्रश्न विचारते, "नंबर मिळाला का?"